पिवळ्या खोक्याची ट्रायल

मला, दिनानाथ मुळ्येला, आयुष्यात एकच गोष्ट उत्तम येते, आणि ती म्हणजे पारख. एकोणीस वर्षं मी इंदूरच्या एका कापडमिलच्या टाइम ऑफिसात हजेरी घेतली आहे. फाटकातून आत शिरणारा माणूस खरोखर तापानं पडला होता की सासुरवाडीला जाऊन आला होता, हे मी नुसत्या त्याच्या चपलांकडे बघून सांगायचो. त्यामुळे आमच्या शाळेनं मुलांसाठी कम्प्युटरवरचे खेळ बनवण्याचं सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. योग्य माणसाकडे योग्य काम आलं, एवढंच वाटलं.

शाळेत मी आलो कसा, ते आधी सांगतो. मिल बंद पडली आणि हजेरी द्यायलाच कुणी उरलं नाही. पुढची अडीच वर्षं मी एसटीडी बूथवर बसलो, घरोघरी उदबत्त्या विकल्या, एका वकिलाकडे टायपिंग केलं. मग तुकोगंजातल्या एका क्लासात तीन महिन्यांचा कम्प्युटर कोर्स केला. अर्धा कोर्स वीज नव्हती, पण सर्टिफिकेटला सोनेरी काठ होता. त्या काठाच्या जोरावर पोलोग्राउंडमागच्या आमच्या मराठी शाळेत मला कम्प्युटर सर म्हणून घेतलं. तात्पुरतं, मार्चअखेरपर्यंत.

शाळेचे अध्यक्ष जयसिंगराव म्हणजे मोठं प्रस्थ. वय बहात्तर आणि मिशा ऐन तिशीतल्या. शाळेला चार कम्प्युटर त्यांनीच दिले होते. जानेवारीत त्यांनी मला आणि मुख्याध्यापिका सरोजिनीबाईंना मीटिंगला बोलावलं. समोर पोहे आले. आमच्या गावात पोह्यांशिवाय ठराव पास होत नाही.

"मुळ्ये, देशात सगळं खुलं झालंय," जयसिंगराव म्हणाले. "परदेशी कोल्ड्रिंक आलं, परदेशी गाड्या आल्या, गल्लीगल्लीत व्हिडिओ गेमची दुकानं निघाली. माझा नातू रजत दिवसभर तिथेच पडलेला असतो. खेळ खेळणारी पोरं बिघडतात. पण खेळ बनवणारी पोरं?"

"तीही बिघडतील," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"इंजिनियर होतील, बाई. आपल्या शाळेत पोरं कम्प्युटरचे खेळ बनवतात, असा बोर्ड लागला पाहिजे. मग बघा कशा ॲडमिशन येतात. पंधरा मार्चला सगळे ट्रस्टी येऊन पोरांचे खेळ बघतील. खेळ दिसले, तर मुळ्ये कायम. नाही दिसले, तर मुळ्ये..." एवढं बोलून ते पोह्यांकडे वळले. पुढचं मला कळलं.

घरी वसुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती अडीच वर्षं लोकांचे ब्लाउज शिवून काढली होती. ही तात्पुरती नोकरी लागली तेव्हा तिनं चाळीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की कायमची आहे. मी तिला दुरुस्त केलं नव्हतं. आता मला ती नोकरी कायमची करून दाखवणं भाग होतं.

बाजारातून तीन सॉफ्टवेअरं ट्रायलला आली. त्यांची इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहिली नाहीत. एक निळ्या खोक्यात होतं, एक तांबड्या आणि एक पिवळ्या. तिन्ही विक्रेत्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "सर, इतना आसान है कि बच्चा भी बना ले." आणि तिघांनीही बच्चा म्हणून स्वतःच्याच मुलाचा दाखला दिला.

"पोरांनाच देऊन बघा ना," सरोजिनीबाईंनी सुचवलं. सहावीतली सुरभी आणि तिच्या वर्गातल्या दहा-बारा जणांनी तिन्ही खोकी अर्धा अर्धा तास चालवून पाहिली आणि एकमुखानं सांगितलं, "सर, तांबडं."

मी हसलो. मुलांना काय कळतंय? खोक्यावर ससा होता, म्हणून तांबडं. उद्या एखाद्या खोक्यावर जिलबी छापली तर तेच म्हणतील.

मी ठरवलं की ट्रायल मिलच्या रीतीनं घ्यायची. मिलमध्ये नवं यंत्र आलं की ते कसलेल्या कामगाराच्या हातात कधीच देत नसत. ते आधी बदलीवाल्याला देत. बदलीवाला म्हणजे कायमचा कामगार रजेवर असला की त्याच्या जागी एका दिवसापुरता घेतलेला, ज्याला त्या खात्यातलं ओ की ठो कळत नाही असा माणूस. त्याच्या हातून यंत्र चाललं, तर ते कुणाच्याही हातून चालेल, असा साधा हिशेब. मला असा एक बदलीवाला हवा होता.

आणि तो शाळेतच होता. आमचा शिपाई लक्ष्मण सोनोने. हाही आमच्याच मिलचा. मिल बंद झाल्यावर इथे येऊन घंटा वाजवायला लागला. मला तो टोकन नंबर चारशे बारा म्हणून ठाऊक होता. महिन्यातून दोनदा उशिरा यायचा आणि मी दोन्ही वेळा त्याचा अर्धा दिवस कापायचो. आत जाऊन तो कुठल्या खात्यात काय करतो, हे मी एकोणीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. टाइम ऑफिसची खिडकी फाटकापुरतीच असते.

"लक्ष्मण, तुला कम्प्युटर येतो?"

"नाही बा साहेब. मी तर नुसतं फडकं मारतो, आणि ते पण बंद असेल तेव्हाच."

"शाब्बास. तूच पाहिजेस मला."

त्याला खुर्चीवर बसवलं तर तो बसेना. दोनदा उठला, एकदा खुर्चीच पुसून घेतली. शेवटी मी जवळजवळ दाबूनच बसवला आणि निळं खोकं सुरू केलं. पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला.

"काय म्हणतोय तो?" लक्ष्मणनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. अर्थ मलाही लागला नाही.

"मग हो म्हणा त्याला."

आम्ही हो म्हटलं. त्यानं दुसरा प्रश्न विचारला. आम्ही पुन्हा हो म्हटलं. पाचव्या होकाराला कम्प्युटर बंद पडला. निळं खोकं बाद.

मग तांबडं. त्यात नुसती चित्रं होती. ससा उचलून गवतावर ठेवला की तो आपण होऊन उड्या मारायचा, गाजर ठेवलं की जाऊन खायचा आणि टाळ्या वाजायच्या. लक्ष्मणनं दहा मिनिटांत एक खेळ तयार केला आणि वैतागून माउस बाजूला सारला.

"साहेब, इसमें आपल्याला करायचं काही हैच नाही. सगळं तोच करतो. ये तो बच्चों का है."

मी शेरा लिहिला, 'तांबडे खोके : बदलीवाल्यास नापसंत. कारण, हे मुलांचे आहे.' पुढे हाच कागद सरोजिनीबाईंनी मला तीनदा मोठ्यानं वाचायला लावला.

पिवळं खोकं उघडलं आणि माझा चेहरा पडला. राखाडी पडदा. ना ससा, ना गाजर. नुसत्या रिकाम्या चौकोनांच्या ओळी, आणि खाली छोटी छोटी कार्डं. कार्ड उचलून चौकोनात ठेवायचं. अमुक बटण दाबलं तर तमुक वर सरकेल, अमुक तमुकला लागलं तर ढमुक गायब होईल. वाचतानाच मला जांभई आली.

लक्ष्मण मात्र पुढे सरकून बसला. "याचा अर्थ काय? आणि याचा? बरं. आणि हे इथे ठेवलं तर?" असं करत त्यानं माझ्याकडून चौदा कार्डांचे अर्थ काढून घेतले. मग त्याचं बोलणं बंद झालं. दोन तास त्यानं ना बिडी मागितली ना चहा. मधल्या सुट्टीची घंटा वाजवायलाही विसरला. दोन तासांनी पडद्यावर एक माणूस धावत होता, वरून आंबे पडत होते, माणूस ते टोपलीत झेलत होता आणि कोपऱ्यात आकडा वाढत होता.

मला भरून आलं. ज्यानं आयुष्यात माउस धरला नाही, त्यानं दोन तासांत खेळ बनवला! मी तिथल्या तिथे दीड पानाचा अहवाल लिहिला. 'अत्यंत नवशिक्या इसमानेही पिवळे खोके लीलया चालविले. सबब मुलांना ते सहज जमेल.' जयसिंगराव खूश झाले. पिवळं खोकं विकत आलं आणि बाकीची दोन परत न करता कपाटावर जाऊन पडली.

फेब्रुवारीत तास सुरू झाले आणि मुलांना ते जमेना. सुरभी ही वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. ती आठ दिवस खपली आणि तिनं एक चेंडू बनवला. बटण दाबलं की तो नाहीसा व्हायचा.

"सर, परत कसा आणायचा?"

"विचार कर," मी म्हणालो. शिक्षकाला उत्तर येत नसलं की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

"सर, तुम्ही करून दाखवा ना."

"मी करून दाखवलं तर तुम्ही काय शिकणार?"

हेही चांगलं वाक्य आहे, पण ते आठवड्यातून एकदाच वापरता येतं. शाळा सुटल्यावर मी एकटा बसलो. एक वाघ घेतला. त्याला चालायचं कार्ड लावलं. वाघ चालू लागला, पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेर गेला आणि आजतागायत परत आलेला नाही.

महिना असाच गेला. पंधरा दिवस उरले, तेव्हा मी लक्ष्मणला पाण्याच्या टाकीपाशी गाठला. "खरं सांग, हे तू आधी कुठे केलं होतंस?"

"कुठे म्हणजे? मिलमध्ये. सव्वीस वर्षं."

"मिलमध्ये कम्प्युटर कुठे होता?"

"कम्प्युटर कुठला, भिया, कार्डं होती ना. साडीच्या काठावर मोर काढायचा तर मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढते. भोक आहे तर दोरा उठेल, नाही तर बसून राहील. एक पुठ्ठा इधर का उधर झाला की मोराची चोच शेपटीला. ती माळ मी लावायचो. डिझाइन खात्यात कार्ड-मास्टर होतो मी. बाहेरच्या मिलवाले यायचे विचारायला." मग म्हणाला, "तुम्हाला नव्हतं माहीत?"

अख्ख्या शाळेत शोधून नवशिका म्हणून मी ज्याला निवडला, तो सव्वीस वर्षं हेच करत होता. हजार वेळा त्याचं टोकन माझ्या हातून गेलं, आणि मला त्याचा फक्त उशीर ठाऊक होता. मला माझीच लाज वाटली. आणि त्याहून जास्त, खरं सांगतो, पंधरा मार्चची भीती वाटली. वसुधाला काय सांगणार होतो मी? पेढे तर सगळे खाऊन बसले होते.

तेव्हाच सरोजिनीबाईंकडे जाऊन चूक कबूल करायला हवी होती. त्याऐवजी मी लक्ष्मणला म्हणालो, "तू रोज माझ्या तासाला फडकं घेऊन येत जा. पुसता पुसता मुलांना जरा सांग."

"येईन की. आणि वेळेवर येईन, बघा," तो म्हणाला. हा टोमणा मी मुकाट्यानं घेतला.

लक्ष्मण वेळेवर यायचा आणि कम्प्युटर कधीच पुसायचा नाही. मुलं चित्र सांगायची, तो कार्डं लावायचा. मुलं त्याला आधी 'लक्ष्मणकाका' म्हणत होती, मग 'लक्ष्मण सर' म्हणायला लागली. मी दाराशी उभा राहून बाई येतात का ते बघायचो. शाळा सुटल्यावर तो मलाही समजावू बघायचा, पण माझा वाघ बाहेरच जायचा. एकंदरीत आम्ही दोघांनी आपापल्या खुर्च्या बदलल्या होत्या, फक्त पगारपत्रकाला ते ठाऊक नव्हतं. चौदा मार्चपर्यंत नऊ खेळ तयार झाले.

पंधरा तारखेला जयसिंगराव अर्धा तास आधीच आले, बरोबर पाच ट्रस्टी. आता, पाहुणे दारात आणि घरात कचोरी नाही, असं इंदुरात होत नाही. मी घाईघाईनं ओरडलो, "लक्ष्मण, धाव, दोन डझन कचोरी." लक्ष्मण काहीतरी सांगू बघत होता. मी त्याला बोलू दिलं नाही. शिपायाला पिटाळला याचंच मला समाधान होतं.

जयसिंगराव सुरभीच्या कम्प्युटरपाशी बसले. तिच्या खेळात एक मुलगी आंबे वेचते आणि मागे वाघ लागतो. वाघानं जयसिंगरावांना खाल्लं. पुन्हा खाल्लं. पाच ट्रस्टींच्या देखत तिसऱ्यांदा खाल्लं. ज्यांच्या आजोबांनी वाघ मारले त्यांना हे सहन होईना.

"मुळ्ये, याला जरा हळू करा बरं. दोन मिनिटांचं काम आहे तुमचं."

सुरभीनं माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"हो, त्यात काय," मी म्हणालो, आणि एक कार्ड उचलून शेजारच्या चौकोनात ठेवलं.

वाघ जागच्या जागी थांबला. आता ती मुलगी त्याच्यामागे धावू लागली. ट्रस्टी हसले. मी घाईनं दुसरं कार्ड हलवलं, आणि झाडावरून आंब्यांच्या जागी वाघ पडायला लागले. एका वाघाला एक डरकाळी, अशी सोय लक्ष्मणनं केलेली होती. चाळीस वाघ डरकाळ्या फोडायला लागले. शेजारच्या वर्गातली दुसरीची मुलं रडत बाहेर आली. मी आणखी तीन कार्डं हलवली. वाघ वाढले. कोपऱ्यातला आकडा शून्याच्या खाली गेला. सरोजिनीबाईंनी चष्मा काढून ठेवला, बहुधा पुढचं दिसू नये म्हणून.

तेवढ्यात कचोऱ्यांचा पुडा घेऊन लक्ष्मण आला. त्यानं एकदा पडद्याकडे बघितलं, पुडा माझ्या हातात दिला, बोटं पँटला पुसली आणि पाच कार्डं पाच ठिकाणी ठेवली. वाघ गेले. उरला तो एकच, आणि तो हळू चालत होता.

"सरकार, आता खेळा," तो जयसिंगरावांना म्हणाला. "पाचव्याच्या जागी सातवं लागलं होतं. बस, इतनाच."

जयसिंगरावांनी सुरभीला विचारलं, "बेटा, हा खेळ तुला कुणी शिकवला?"

"शिकवला नाही, लक्ष्मण सरांनी बनवून दिला," ती म्हणाली. खरं बोलावं असं तिला मीच शिकवलं होतं.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हातात कचोऱ्या घेऊन मी सगळं सांगून टाकलं. बदलीची ट्रायल, दीड पानाचा अहवाल, कार्ड-मास्टर, फडकं. "साहेब, मी नवशिका शोधायला गेलो आणि कारागीर उचलून आणला. चूक माझी आहे. लक्ष्मणला काही म्हणू नका." हे म्हणताना माझा आवाज जरा कापला, आणि तो कापू नये म्हणून मी एक कचोरी खाल्ली.

जयसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग लक्ष्मणकडे वळून म्हणाले, "नववी-दहावीच्या पोरांना हे पिवळं खोकं तू शिकवायचंस. उद्यापासून घंटा दुसरा कुणीतरी वाजवेल."

"आणि लहान मुलांचं काय?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "त्यांना दुसरं खोकं हवं. ट्रायलची कल्पना वाईट नव्हती. फक्त या वेळी माणूस खराखुरा नवशिका पाहिजे."

"असा कुठून आणायचा? ज्याला अगदी महिनाभर समजावूनही काही समजत नाही, असा?" जयसिंगरावांनी विचारलं.

सगळे विचारात पडले. मीही मनापासून विचार करत होतो.

"मुळ्ये सर आहेत ना," सुरभी म्हणाली. तिचा हेतू मदतीचाच होता.

"सरकार, ये मैं भी बोलने वाला था," लक्ष्मण म्हणाला. "पंधरा दिवस कोशिश केली मी त्यांच्यावर."

तिथल्या तिथे कपाटावरचं तांबडं खोकं काढलं आणि मला बसवलं. सहा ट्रस्टी, एक मुख्याध्यापिका, एक माजी शिपाई आणि अख्खी सहावी माझ्यामागे उभी राहिली. मी ससा उचलून गवतावर ठेवला. सशानं उडी मारली. गाजर ठेवलं. सशानं ते खाल्लं आणि टाळ्या वाजल्या. मी पण टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला. दोन महिन्यांत माझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी पडद्यावर टिकलं होतं.

"जमलं यांना," जयसिंगराव म्हणाले. "मग कुणालाही जमेल. तांबडं मंजूर."

"आम्ही जानेवारीतच सांगितलं होतं," सहावीतून कुणीतरी म्हणालं. ते ठरावात घेतलं नाही.

ठरावात एवढंच घेतलं की मुळ्ये यांना कायम करण्यात येत आहे, आणि यापुढे शाळेत मुलांसाठी जी नवी वस्तू येईल ती आधी मुळ्ये यांच्याकडून चालवून बघावी. ठराव एकमतानं पास झाला. एवढं एकमत मी मिलच्या युनियनमध्येसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

घरी गेलो तेव्हा वसुधा मशीनवर बसली होती. माझ्या तोंडाकडे बघून तिनं पाय थांबवला.

"केलं कायम?"

"केलं."

तिनं पदरानं डोळे पुसले, मशीनवर झाकण घातलं आणि मग विचारलं, "हल्ली एवढी शिकलेली माणसं मिळतात. तुम्हालाच कसं हो घेतलं?"

"पात्रता," मी म्हणालो. "त्यांना जशी हवी होती तशी अख्ख्या शाळेत दुसऱ्या कुणाकडे निघाली नाही."

हे सांगायला ती तश्शीच शेजारच्या शैलजाबाईंकडे गेली. मी तिला थांबवलं नाही. त्यातला एक शब्द जरी खोटा असता, तरी थांबवलं असतं.